झिनियाचा ताटवा आणि कीडनामांचा प्रश्न

१. विषयाची मर्यादा

पिकांवरील किडींची व रोगांची मराठी नावे हा विषय कोशकारांनी आणि कृषिशास्त्रज्ञांनी आपापल्या परीने हाताळलेला आहे. कोशकार त्या नावांकडे शब्द म्हणून पाहतो. कृषिशास्त्रज्ञ त्यांच्याकडे शास्त्रीय नावाचा देशी पर्याय म्हणून पाहतो. परंतु व्यवहारात असे नाव हे एक निदान असते. शेतकरी किंवा बागवाला दुकानात जाऊन कीड दाखवीत नाही. तो तिचे नाव सांगतो, आणि त्या नावावर औषध मिळते. म्हणजे शब्द चुकला की औषध चुकते. नामकरणाच्या या बाजूचा विचार प्रस्तुत लेखात एका लहान क्षेत्रापुरता, वाशीम जिल्ह्यातील बागेतल्या झिनियाच्या ताटव्यापुरता, केला आहे.

क्षेत्र लहान निवडण्यास कारण आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सोयाबीन व तूर ही येथील खरिपाची आणि हरभरा व गहू ही रब्बीची प्रमुख पिके; कापूसही पुष्कळ होतो. या पिकांच्या किडींस रूढ नावे आहेत. झिनिया हे मात्र परदेशातून आलेले शोभेचे फूलझाड. झेंडू-शेवंतीस पूजेत आणि सणावारात जे स्थान मिळाले ते त्यास मिळाले नाही, आणि त्याच्या किडींस स्वतंत्र मराठी नावेही मिळाली नाहीत. झिनियावर काही पडले म्हणजे त्याचे नाव शेजारच्या शेतातून उसने आणावे लागते. उसने आणलेले नाव नव्या जागी कितपत टिकते हे पाहण्यास असा ताटवा सोयीचा आहे.

२. झिनिया: नाव आणि रचना

झिनियाचे मूळ स्थान मेक्सिको. लिनीअस याने या प्रजातीस १७५९ साली योहान गॉटफ्रीड झिन याच्या स्मरणार्थ हे नाव दिले. झिन हा ग्योटिंगेन येथील शरीररचनाशास्त्राचा व वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. मानवी नेत्राच्या रचनेवर त्याने १७५५ साली लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे, आणि नेत्रातील भिंग जागेवर धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या वलयास आजही त्याचे नाव आहे. ज्या वर्षी फुलाला त्याचे नाव मिळाले त्याच वर्षी, वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तो वारला. या नावातून झाडाविषयी काहीच कळत नाही. ‘सूर्यफूल’ हा शब्द फुलाचे वर्णन करतो; ‘झिनिया’ हा शब्द केवळ निर्देश करतो. किडींच्या नावांचा विचार करताना हा भेद उपयोगी पडेल.

झिनिया सूर्यफूल, झेंडू व शेवंती यांच्याच कुळातील आहे. ज्यास आपण एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. कडेची एकेक पाकळी हे एक फूल आणि मधल्या चकतीतील प्रत्येक नळी हे दुसरे. कडेच्या फुलाची पाकळी वाळली तरी बीजास चिकटून राहते. म्हणून बी धरताना वाळलेली पाकळी ओढली की तिच्या तळाशी चपटे बी हाती येते.

३. वाशीमची जमीन आणि लागवड

या भागातील जमीन मुख्यतः काळी, बेसाल्ट खडकापासून झालेली. पाण्याने ती फुगते, उन्हाने भेगाळते. झिनियास ऊन भरपूर लागते, पण मुळाशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. म्हणून भारी जमिनीत सपाट वाफ्याऐवजी वीतभर उंचीचा गादीवाफा करावा व त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. नत्रयुक्त खताचा मारा करू नये. त्याने पाला लुसलुशीत होतो, फुले मागे पडतात आणि रस शोषणाऱ्या किडींस आमंत्रण मिळते.

मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर बी सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे. उबदार जमिनीत ते चार ते सात दिवसांत उगवते. रोप उपटून दुसरीकडे लावणे या झाडास फारसे मानवत नाही. म्हणून शक्यतो जागेवरच पेरून विरळणी करावी व दोन रोपांत सुमारे तीस सेंटिमीटर अंतर राखावे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. त्याने बगलफुटी वाढतात. पेरणीपासून आठ ते दहा आठवड्यांत फुले येऊ लागतात. जूनअखेरीस पेरलेला ताटवा अशा रीतीने पोळ्याच्या सुमारास फुलू लागतो आणि वाळलेली फुले वेळोवेळी काढत गेल्यास दसऱ्याच्या पुढेही चालतो.

अंतराचा नियम दिसावयास किरकोळ, पण परिणामाने मोठा आहे. झिनियाचे बहुतेक रोग पानावर रेंगाळणाऱ्या ओलाव्यातून आणि कोंडलेल्या हवेतून उद्भवतात. याचे एक दूरचे उदाहरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील आहे. तेथे वाढविलेल्या झिनियाच्या पानांवर २०१५ च्या डिसेंबरात ओलावा साचून बुरशी आली. स्कॉट केली या अंतराळवीराने हवा खेळती करून आणि पाण्याचे वेळापत्रक झाडाकडे पाहून ठरवून काही झाडे वाचविली. जानेवारी २०१६ मध्ये त्यांस फुले आली. जमिनीवरील नियमही तोच: पाणी बुंध्याशी द्यावे, सकाळी द्यावे, पानांवर ओतू नये.

४. कीडनामांचे चार वर्ग

मराठीत रूढ असलेली किडींची व रोगांची नावे पाहिली तर ती चार तत्त्वांवर बेतलेली दिसतात.

पहिला वर्ग रूपावरून पडलेल्या नावांचा. ‘पांढरी माशी’, ‘लाल कोळी’, ‘पिठ्या ढेकूण’, ‘केसाळ अळी’ ही त्याची उदाहरणे. ही नावे प्रत्यक्ष जीव पाहून दिलेली असल्यामुळे ओळखीस विश्वासार्ह असतात. पण ती जीवाचे कूळ सांगतातच असे नाही. पांढरी माशी ही माशीच्या कुळातील नव्हे. ती मावा व तुडतुडे यांच्या जवळची, सोंडेने रस शोषणारी कीड आहे. उलट लाल कोळी हे नाव कुळाच्या दृष्टीने अचूक आहे. त्यास आठ पाय असतात आणि तो कीटक नव्हे. या नावातील ‘कोळी’ हा शब्द गंभीरपणे घेतला तर कीटकनाशकाने कोळी जाईल ही अपेक्षा मुळातच सुटते. काही कीटकनाशके तर कोळ्यांना खाणारे मित्रजीव मारून कोळी वाढवितात.

दुसरा वर्ग कृतीवरून पडलेल्या नावांचा. ‘तुडतुडे’ या शब्दातील द्विरुक्ती त्या किड्याच्या टुणकन उडण्याची नक्कल करते. ‘उंट अळी’ पाठीचा बाक काढून चालते. ‘नागअळी’ पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पोखरत जाते आणि पानावर नागमोडी पांढरी वाट उमटते. सोयाबीनवरील ‘चक्रीभुंगा’ देठावर किंवा फांदीवर दोन समांतर चक्रे पाडतो. या वर्गातील नावात निरीक्षण सर्वांत सूक्ष्म आहे, आणि नवख्या झाडावरही ती सहज लागू पडतात. कारण नागअळीची वाट वालाच्या पानावर जशी, तशीच झिनियाच्या पानावर दिसते.

तिसरा वर्ग पिकावरून किंवा झाडाच्या अवयवावरून पडलेल्या नावांचा, आणि अडचणीस येथून प्रारंभ होतो. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा हा एकच पतंग घ्यावा. त्याची अळी हरभऱ्यावर असली की ती ‘घाटे अळी’, कापसावर ‘अमेरिकन’ किंवा ‘हिरवी बोंडअळी’, तुरीवर ‘शेंगा पोखरणारी अळी’ आणि टोमॅटोवर ‘फळ पोखरणारी अळी’. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जेथे तूर, कापूस व हरभरा एकमेकांच्या शेजारी आणि एकमेकांमागून घेतले जातात, तेथे ही चार नावे चार किडींचा भास निर्माण करतात. वस्तुतः एकच कीड एका पिकातून दुसऱ्यात जात असते. याच अळीने झिनियाची कळी पोखरली तर तिला काय म्हणावे? झिनियास घाटा नाही, बोंड नाही, शेंगही नाही. नाव अवयवाशी बांधलेले असल्यामुळे अवयव बदलताच ते निरुपयोगी ठरते.

याच्या उलट बाजूने पाहिले तर ‘बोंडअळी’ या एका शब्दाखाली ठिपक्यांची, गुलाबी आणि अमेरिकन अशा तीन अगदी निराळ्या प्रजाती येतात. म्हणजे या वर्गात एका जीवास अनेक नावे आणि एका नावाखाली अनेक जीव, असे दोन्ही दोष संभवतात. ‘फुलकिडे’ हे नावही याच जातीचे. हे अतिसूक्ष्म किडे फुलांत असतात खरे. पण ते पानेही खरवडून रस शोषतात. नावावर विसंबून जो केवळ फूल तपासतो त्यास कोवळ्या पानांवरील उपद्रव उशिरा कळतो.

चौथा वर्ग लक्षणावरून पडलेल्या नावांचा. ‘भुरी’, ‘करपा’, ‘तांबेरा’, ‘मर’, ‘केवडा’, ‘चुरडा-मुरडा’ ही नावे भाषिक दृष्ट्या फार बोलकी आहेत. ‘करपा’ करपण्यावरून, ‘मर’ मरण्यावरून आलेले क्रियानाम. ‘भुरी’, ‘तांबेरा’ ही रंगावरून घडलेली. ‘चुरडा-मुरडा’ मध्ये दोन समप्रास धातुरूपे जोडून पानाची दुर्दशा उभी केलेली. परंतु या नावांत रोगाचा कर्ता कोठेच नाही. ती झाडाचे काय झाले ते सांगतात, कोणी केले ते सांगत नाहीत. ‘केवडा’ हे याचे उत्तम उदाहरण. द्राक्षावरील केवडा हा बुरशीसदृश जीवामुळे होतो, तर भेंडीवरील केवडा हा पांढऱ्या माशीने पसरविलेल्या विषाणूमुळे. द्राक्षावरील केवड्यास उपयोगी पडलेले बुरशीनाशक भेंडीवर मारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. पिवळेपणा दोन्हीकडे दिसतो म्हणून नाव एक झाले, एवढेच.

५. आवळलेले पान: एक लक्षण, अनेक कारणे

झिनियाच्या ताटव्यात सर्वांत अधिक गोंधळ होतो तो पाने आवळली जातात तेव्हा. मिरचीच्या सवयीने त्यास ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हटले जाते आणि मिरचीवरचे औषध झिनियावर येते. पण पान आवळण्याची निदान पाच कारणे संभवतात, आणि ती डोळ्यांनी व हातांनी पारखता येतात.

फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला असता सुईच्या अग्राएवढे, लांबट, पिवळे-तपकिरी किडे धावताना दिसले तर ते फुलकिडे. कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या किड्यांची दाटी, पानावर चिकट थर, त्यावर काळी बुरशी आणि मुंग्यांची ये-जा असेल तर तो मावा. माव्याची मादी नराशिवायही थेट पिले घालते. म्हणून आठवडाभराच्या दुर्लक्षाने एका फांदीचा मावा साऱ्या वाफ्यात पसरतो. पानावर बारीक फिकट ठिपके, खालच्या बाजूस जाळी, आणि पान पांढऱ्या कागदावर घासल्यास तांबूस रेघ उमटत असेल तर लाल कोळी. हा उन्हाळ्यात, कोरड्या हवेत वाढतो. रोप हलविताच पांढरे कण उडून पुन्हा पानाखाली बसत असतील तर पांढरी माशी.

पाचवे कारण अधिक गंभीर. शिरा जाड झाल्या आहेत, पाने वाटीसारखी वळली आहेत, रोप खुजे राहिले आहे, आणि कीड शोधूनही सापडत नाही, असे असेल तर तो पर्णगुच्छाचा विषाणू समजावा. झिनियाच्या या विकाराचा अभ्यास भारतात जुना आहे, आर. एन. माथुर यांनी डेहराडून येथील झिनियावरील त्याची नोंद १९३३ साली प्रसिद्ध केली. पांढरी माशी रोगट झाडाचा रस घेताना विषाणू उचलते आणि पुढे निरोगी झाडात सोडते. लागण झालेले रोप कोणत्याही फवारणीने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करणे हाच उपाय. शेजारच्या शेतात मारलेल्या तणनाशकाचा अंश वाऱ्याने आला तरीही पाने अशीच पिळवटतात. तेव्हा शंका आल्यास आसपासच्या फवारणीची चौकशी करावी.

विषाणूची ही गोष्ट बागेपुरती नाही. सोयाबीनवरील पिवळा मोझॅकही पांढऱ्या माशीनेच पसरतो, आणि २०२३ च्या खरिपात विदर्भातील अनेक जिल्ह्यांत त्याने पिकाची मोठी हानी केली. दोन्ही ठिकाणी वाहक एक, मार्ग एक. नावे मात्र पिकागणिक निराळी असल्यामुळे हा संबंध सहसा लक्षात येत नाही.

असाच दुसरा भ्रम पांढरेपणाचा. पानावरील पांढरी पूड बोटाने पुसली जात असेल तर ती भुरी, म्हणजे बुरशी. पेरात व पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असून दाबल्यावर ओल सुटत असेल तर ते पिठ्या ढेकूण. ‘पीठ पडले’ एवढेच सांगून दुकानात गेल्यास बुरशीस कीटकनाशक किंवा किडीस बुरशीनाशक मिळण्याचा संभव अर्धाअर्धा असतो.

६. उपायांचा क्रम

निदान झाल्यावर उपाय सौम्याकडून तीव्राकडे जावेत. मावा आणि लाल कोळी यांवर पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोराची धार मारल्यास दोन्ही पुष्कळ कमी होतात, आणि दिवसभराच्या उन्हाने पाने वाळत असल्यामुळे भुरीचे भय राहत नाही. नागअळीची पाने आणि अळ्यांचे पुंजके हाताने काढून टाकावेत. पांढरी माशी, मावा व तुडतुडे यांच्यासाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावावेत; त्यांनी कीड संपत नाही, पण ती आली हे वेळेवर कळते.

पुढचा उपाय निंबोळी अर्काचा. विदर्भात कडुनिंब मुबलक आहे आणि निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पडतात. त्या वाळवून ठेवाव्यात. पाच टक्के अर्कासाठी एक लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, चिमूटभर साबण मिसळावा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. उन्हात त्यातील कार्यकारी द्रव्य लवकर नष्ट होते, आणि दिवसा झिनियावर मधमाश्या असतात. या अर्काने कीड तत्काळ मरत नाही. तिचे खाणे व कात टाकणे बिघडते. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून औषध निकामी समजू नये.

भुरी दिसू लागताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरास दोन ग्रॅम या प्रमाणात वापरता येते; ते लाल कोळ्यासही आवरते. मात्र कडक उन्हाळ्यात गंधकाने पाने जळतात, आणि तेलयुक्त फवारणीनंतर दोन आठवडे तरी ते वापरू नये. ज्यांना भुरीचा उपद्रव वारंवार होतो त्यांनी प्रोफ्युजन मालिकेतील बुटके वाण निवडावेत. ते या रोगास बऱ्याच अंशी दाद देत नाहीत.

ढालकिडा, हिरवा जाळीपंखी किडा आणि कोळ्यांच्या अनेक जाती मावा व तत्सम किडींवर जगतात. येथेही नावाचा प्रश्न आहेच. ढालकिड्याची अळी काळपट, काटेरी व भीतिदायक दिसते, आणि ‘अळी’ या सरसकट शब्दाखाली ती शत्रू म्हणून मारली जाते. फुलझाड शेतीचे रक्षक होऊ शकते याचे उदाहरण झेंडूचे आहे. टोमॅटोच्या ओळींत आफ्रिकन झेंडू लावल्यास हेलिकोव्हर्पाची मादी त्याकडे वळते, हे बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतील संशोधकांनी दाखविले. सापळा-पीक ही कल्पना मुळात एका पिकाच्या किडीस दुसऱ्या झाडावर ओळखण्यावर उभी आहे. ‘फळ पोखरणारी अळी’ या नावात अडकलेल्या बुद्धीस ती सुचणे कठीण.

७. नावाची चूक आणि विषाची मात्रा

या विचाराचे महत्त्व फुलांच्या ताटव्यापुरते नाही. वाशीमच्या पूर्वेस लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे संरक्षक कपड्यांचा अभाव, माणसाच्या डोक्यावर गेलेली कपाशी, अनेक औषधांची मिश्रणे अशी कारणे पुढे आली. कीडनामांच्या घोटाळ्याने ती आपत्ती घडली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु मिश्रणाच्या सवयीचे मूळ कोठे आहे याचा विचार करता, कीड नेमकी कोणती हे ठाऊक नसले की माणूस सर्वांवरची औषधे एकत्र करतो, ही गोष्ट नाकारता येत नाही. अनिश्चित निदानाची किंमत विषाच्या वाढीव मात्रेने मोजली जाते.

डब्यावरील खुणांचेही असेच. भारतात कीटकनाशकाच्या डब्यावर तिरप्या चौकोनातील खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. ही चिन्हव्यवस्था अक्षरओळख नसणाऱ्यासही उपयोगी पडावी अशी आहे. पण ती वाचावयास कोणी शिकविले नाही तर पिवळा रंग लालाइतकाच निरर्थक ठरतो. विशेषतः पिवळा म्हणजे सौम्य असा समज होणे घातक आहे. घराच्या अंगणातील ताटव्यासाठी लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध आणण्याचे काहीच प्रयोजन नाही.

यावर उपाय म्हणून लोकनामे टाकून शास्त्रीय नावे लादावीत, असे कोणी सुचवील. ते शक्यही नाही आणि इष्टही नाही. वाशीम येथे १९३९ साली सापडलेल्या वाकाटक नृपती दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात आहे. दोन भाषा एकाच पत्र्यावर आपापले काम करतात. एकीने दुसरीस हटविलेले नाही. कीडनामांची व्यवस्थाही अशीच दुपदरी असावयास हवी. जीवाची निश्चिती शास्त्रीय नावाने व्हावी; पण शेतात, दुकानात आणि सल्लापत्रकात चालणारे नाव मराठीच राहील, आणि ते निवडताना पहिल्या दोन वर्गांतील, म्हणजे रूपावरून व कृतीवरून पडलेल्या नावांस प्राधान्य द्यावे. पिकावरून पडलेले नाव वापरावयाचे तर त्याच किडीची इतर पिकांवरील नावे शेजारी द्यावीत. लक्षणनाम वापरावयाचे तर कर्ता जोडावा: नुसता ‘केवडा’ न म्हणता ‘भेंडीवरील विषाणूचा केवडा’ म्हणावे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपासून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यांपर्यंत सर्वत्र हे करता येण्याजोगे आहे.

भाषाभ्यासकांसाठीही येथे काम आहे. वऱ्हाडी बोलीतील आणि मानोऱ्याच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या बंजारा भाषेतील कीडनामे गोळा करताना केवळ शब्द व अर्थ टिपून भागणार नाही. प्रत्येक नावापुढे ते रूपाचे, कृतीचे, पिकाचे की लक्षणाचे याची नोंद हवी, आणि तो जीव प्रत्यक्ष पाहून केलेली निश्चिती हवी. अशा संग्रहाचा पहिला उपयोग कोशास होईल, दुसरा व्याकरणास. आणि तिसरा, सर्वांत मोठा, पाठीवर पंप घेऊन वाफ्यात किंवा शेतात उभ्या असलेल्या माणसास होईल.